कोरेल्लीच्या सोनाटाला ऑर्गनची साथ: खर्जाखालचे आकडे कसे वाजवावेत?

प्रश्न: रावपुरेकर, बडोदे

नमस्कार. माझी भाची पाश्चात्य पद्धतीने व्हायोलिन शिकते. तिच्या शिक्षकांनी तिला जुने इटालियन व्हायोलिनवादक व रचनाकार आर्कांजेलो कोरेल्ली यांच्या पाचव्या ओपसमधला (म्हणजे पाचव्या प्रकाशित संग्रहातला) आठवा सोनाटा बसवायला दिला आहे. तो ई मायनरमध्ये असून त्यात प्रेल्यूडिओ, आलेमांडा, सारबांडा आणि जिगा असे चार भाग आहेत. दिवाळीनंतर आमच्या घरी नातेवाईक व स्नेही यांची छोटी बैठक होते. तिथे या वर्षी हा सोनाटा पूर्ण वाजवावा अशी तिची इच्छा आहे आणि साथ मी करावी असे ठरले आहे. मी बरीच वर्षे नाट्यसंगीताला आणि भजनाला पेटीची साथ करीत आलो आहे. घरात आजोबांच्या वेळचा, पायाने भाता चालवायचा ऑर्गन आहे आणि तो आजही सुरात आहे. स्टाफ नोटेशन मला सावकाश का होईना, पण वाचता येते.

अडचण अशी आहे की, मूळ आवृत्तीवरून तयार केलेली जी प्रत आम्हाला मिळाली, तिच्यात दोनच ओळी आहेत. वरची व्हायोलिनची आणि खालची खर्जाची. खर्जाच्या स्वरांजवळ मधूनमधून ६, ७, ४ असे आकडे किंवा नुसतेच शार्पचे, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवण्याचे, चिन्ह दिलेले आहे. पियानोसाठी छापलेल्या आणखी दोन आवृत्त्या मी मिळवल्या. त्यांत उजव्या हाताचे सगळे स्वर लिहिलेले आहेत, परंतु एका आवृत्तीतला उजवा हात दुसरीशी कुठेच जुळत नाही. मग यांपैकी कोरेल्लींचा कोणता समजायचा?

आमच्या शहराला पाश्चात्य वाद्ये नवखी नाहीत. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानचा बँड होता, आणि मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली तेव्हापासून स्वर लिहून शिकवण्याची सवयही इथल्या विद्यार्थ्यांना आहे. तरीही नुसत्या आकड्यांवरून साथ करणारे कोणी माझ्या माहितीत नाही, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, तारा छेडणारे कळफलकाचे वाद्य) तर मी प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही, आणि चेलो वाजवणारेही कोणी ओळखीत नाही. हे आकडे कसे वाचावेत, ऑर्गनवर ही साथ शोभेल का, आणि चेलोशिवाय ती अपुरी वाटेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एका स्नेह्यांनी मागे ई चा तानपुरा लावून ठेवण्याची सूचना केली आहे. तिच्याविषयीही मत हवे आहे.

उत्तर: मंद्रसप्तक

रावपुरेकर, दोन आवृत्त्यांतला उजवा हात जुळत नाही, कारण तो कोरेल्लींनी लिहिलेलाच नाही. प्रत्येक संपादकाने आपापल्या रुचीप्रमाणे तो भरलेला आहे. १ जानेवारी १७०० ही तारीख असलेल्या अर्पणपत्रिकेसह हे बारा सोनाटा रोममध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत तुमच्या पहिल्या प्रतीसारख्या दोनच ओळी होत्या. त्या काळची सर्वमान्य रीतच ती होती. रचनाकार वरची चाल आणि खालचा खर्ज एवढे ठरवून देत असे, मधली जागा कोणत्या स्वरांनी भरायची हे आकड्यांनी सुचवत असे, आणि ते स्वर कोणत्या उंचीवर, किती दाट आणि कोणत्या लयीत वाजवायचे हे साथीदारावर सोपवत असे. या अखंड चालणाऱ्या, आकडे घातलेल्या खर्जालाच बासो कंटिन्यूओ म्हणतात. तेव्हा तुमच्याकडची दोन ओळींची प्रत हीच खरी प्रत आहे, आणि साथ तिच्यावरूनच बसवावी असा माझा आग्रह राहील. व्हायोलिनवादक जोआखिम आणि संगीत-अभ्यासक क्रिसांडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपादित केलेली आवृत्तीही उजवा हात न भरता छापलेली आहे. पडताळणीसाठी तीही पाहावी.

आकड्यांचे गणित पेटीवादकाला कठीण नाही, मात्र एक सवय सोडावी लागते. आपण षड्ज एकदा धरला की सगळे स्वर त्याच्यापासून मोजतो. इथे मोजणी खर्जाच्या प्रत्येक स्वरापासून नव्याने सुरू होते. खर्जात जो स्वर असेल तो एक, आणि तिथून त्या सप्तकातले स्वर वर मोजत जायचे. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ७ असेल तर तिसरा, पाचवा आणि सातवा. ६ वर आणि ५ खाली असे दोन्ही असतील तर तिसरा, पाचवा आणि सहावा. आकड्याविना नुसतेच शार्पचे चिन्ह असेल तर ते तिसऱ्या स्वराला लागू होते.

पांढरी एक म्हणजे सी धरून तुमच्याच सोनाटाच्या सप्तकातली उदाहरणे देतो. खर्जात पांढरी तीन असेल आणि आकडा नसेल, तर वर पांढरी पाच व पांढरी सात घ्यावी. हा ई मायनरचा मूळ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, झाला. खर्जात पांढरी पाच असून तिच्यावर ६ असेल, तर वर पांढरी सात आणि पांढरी तीन येतात. म्हणजे कॉर्ड तोच, पण त्याचा दुसरा स्वर तळाशी आला, आणि त्यामुळे त्याचे वजन हलके झाले. खर्जात पांढरी सात असून नुसतेच शार्प असेल, तर काळी दोन आणि काळी तीन घ्यावी. ही काळी दोन फार महत्त्वाची आहे, कारण ती कानाला षड्जाकडे ओढते आणि वाक्य आता संपणार हे ऐकणाऱ्याला कळते. त्याच पांढऱ्या सातवर आधी ४ आणि मग शार्प असे ओळीने लिहिलेले असेल, तर आधी पांढरी तीन व काळी तीन वाजवायची, आणि मग पांढरी तीन अर्ध्या स्वराने खाली उतरवून काळ्या दोनवर आणायची. हा चौथ्या स्वराचा क्षणभर घासणारा सूर आणि त्याचे उतरणे यांतच या संगीताचा पुष्कळसा भाव साठवलेला आहे. तो सूर घाईने टाकून देऊ नये. किंचित जोर देऊन धरावा आणि उतरताना हलका करावा.

कोरेल्लींना ७ या आकड्याच्या साखळ्या फार प्रिय आहेत. खर्ज पांढरी सहा, दोन, पाच, एक असा चाललेला आहे आणि प्रत्येकावर ७ आहे असे समजा. पहिल्या कॉर्डमध्ये पांढरी सहाच्या वर एक, तीन आणि पाच हे स्वर आले. पुढच्या कॉर्डला पांढरी एक जागेवरच राहते आणि आपोआप सातवा स्वर बनते, तर आधीचा सातवा स्वर म्हणजे पांढरी पाच एक पायरी उतरून काळ्या तीनवर येते. पुढे हाच क्रम चालू राहतो. हाताला फारसे हलावेच लागत नाही. जो स्वर दोन्ही कॉर्डांत आहे तो धरून ठेवायचा, बाकीचे जवळात जवळच्या जागी न्यायचे आणि खर्ज वर जात असेल तेव्हा उजवा हात शक्यतो खाली आणायचा, एवढे पथ्य पाळले की साथ आपोआप गोड लागते. खर्जाशी समांतर पाचवे स्वर किंवा समांतर अष्टके धावू देऊ नयेत. त्याने मधला आवाज पोकळ होतो.

सरावासाठी याच संग्रहातला बारावा सोनाटा घ्या. तो फोलिया नावाच्या जुन्या चौकटीवरच्या विस्तारांचा आहे. फोलियाची प्रचलित चौकट डी मायनरमध्ये पांढरी दोन, सहा, दोन, एक, चार, एक, दोन, सहा अशी आठ मात्रागटांत चालते आणि मग थोड्या फरकाने पुन्हा येऊन दोनवर संपते. प्रत्येक स्वरावर मूळ कॉर्ड वाजवा; पांढरी सहाच्या वर मात्र काळी एक घ्या. ही चौकट डोळे मिटून वाजवता येऊ लागली, की आठव्या सोनाटाचे आकडे वाचताना बोटे अडखळणार नाहीत.

तानपुरा लावू नये. या रचनेत षड्ज स्थिर नसतो. ई मायनरमधून ती जी मेजरकडे जाते, बी कडे वळते आणि परत येते, आणि हा प्रवास हेच तिचे कथानक आहे. खाली ई सतत वाजत राहिला, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला कोणी घरातच धरून ठेवावे तसे होईल.

वाद्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. कोरेल्लींच्या त्रयी सोनाटांपैकी (दोन व्हायोलिन आणि खर्ज यांच्यासाठीच्या) पहिल्या व तिसऱ्या ओपसमध्ये, म्हणजे चर्चच्या शैलीतल्या सोनाटांत, त्यांनी खर्जासाठी ऑर्गन सांगितला आहे. दुसऱ्या व चौथ्या ओपसमध्ये, म्हणजे दरबारी नृत्यांच्या शैलीतल्या सोनाटांत, व्हिओलोने (गजाने वाजणारे खर्जाचे तंतुवाद्य) किंवा हार्पसिकॉर्ड सांगितला आहे. पाचव्या ओपसच्या मुखपृष्ठावरही व्हिओलोने किंवा हार्पसिकॉर्ड असेच आहे, आणि तुमचा आठवा सोनाटा नृत्यांचाच आहे. तेव्हा ऑर्गनपेक्षा एखाद्या चांगल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा आवाज निवडून वाजवणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर: पायपेटी

मंद्रसप्तक यांनी आकड्यांविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, परंतु वाद्याविषयीचा त्यांचा निष्कर्ष मान्य नाही. त्यांनी दिलेले पुरावे खरे आहेत. पण त्याच मुखपृष्ठावरचा पर्याय असे दाखवतो की, कोरेल्लींना एकाच विशिष्ट आवाजाचा हट्ट नव्हता. तारा छेडून वाजणारा हार्पसिकॉर्ड आणि गजाने वाजणारे खर्जाचे तंतुवाद्य यांत आवाजाच्या जातीचाच फरक आहे, तरी दोन्ही त्यांना चालत होते. खर्जाची ओळ स्पष्ट, सुरेल आणि लयीत ऐकू यावी एवढी त्यांची अपेक्षा दिसते, आणि ती घरच्या ऑर्गनवर पूर्ण करता येते. लहान खोलीत कीबोर्डच्या स्पीकरमधून येणारा आवाज व्हायोलिनच्या लाकडी आवाजात मिसळत नाही. जिवंत हवेवर चालणाऱ्या पट्ट्यांचा (रीड्सचा) आवाज मिसळतो.

रावपुरेकर, तुमच्याकडे हातपेटी नसून पायाचा ऑर्गन आहे ही सर्वात मोठी सोय आहे. हातपेटीवर डावा हात भात्याला अडकतो, त्यामुळे खर्ज आणि कॉर्ड एकाच वेळी नीट वाजवता येत नाहीत, आणि कंटिन्यूओमध्ये खर्ज सुटला तर काहीच उरत नाही. संगीत रंगभूमीवर ऑर्गन आला तेव्हा दोन्ही हात मोकळे झाले आणि साथीला भरीवपणा आला; बडोदे सरकारचा आश्रय लाभलेल्या गंधर्व नाटक मंडळीची पदे ज्यांच्या घरात गायली गेली, त्यांच्या कानांत तो आवाज आजही असेल. मात्र नाट्यपदाला साथ करताना आपण गायकाच्या मागोमाग त्याचीच चाल वाजवतो, ती सवय इथे पूर्णपणे बाजूला ठेवावी. व्हायोलिनची चाल उजव्या हातात कधीही वाजवू नये. तिच्याखाली राहावे, आणि तिचा सर्वात वरचा स्वर आपल्या हातून निघणार नाही याची काळजी घ्यावी.

ऑर्गनच्या पट्ट्या, विशेषतः खालच्या, बोलायला किंचित वेळ घेतात आणि एकदा बोलल्या की बोट उचलेपर्यंत त्याच जोराने वाजत राहतात. हार्पसिकॉर्डचा स्वर उलट ताबडतोब उमटतो आणि लगेच विरत जातो. म्हणून हार्पसिकॉर्डवादक लांब स्वरांवर कॉर्ड पुन्हा छेडतात किंवा त्यातले स्वर खालून वर एकामागोमाग उलगडतात. ऑर्गनवर हे करू नये, चिखल होतो. ऑर्गनवर खर्ज पूर्ण लांबीचा धरावा, वरचे स्वर मात्र थोडे आधी सोडावेत, म्हणजे व्हायोलिनला श्वास घ्यायला जागा मिळते. प्रेल्यूडिओ आणि सारबांडा यांत वर तीन स्वर चालतील. आलेमांडा आणि जिगा यांत दोन पुरेत, आणि जिथे खर्जच वेगाने धावत असेल तिथे एकच स्वर घ्यावा किंवा उजवा हात सरळ थांबवावा. जिगाची गती ठरवताना भाचीची बोटे किती पळतात हे पाहण्याआधी तुमच्या ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या किती लवकर बोलतात हे पाहा, कारण साथ मागे पडली तर दोष तिच्या कानी तिचाच वाटेल.

चेलोविषयी निश्चिंत असावे. सेबास्टियन बाख यांचे पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल बाख यांनी साथीवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७६२ मधील दुसऱ्या भागात कळफलकाचे वाद्य आणि चेलो या जोडीला सर्वात परिपूर्ण साथ म्हटले आहे हे खरे. पण ते त्यांच्या काळाचे आणि प्रदेशाचे मत आहे, आणि कोरेल्लींनी तर दोहोंपैकी एक वाद्य असले तरी चालेल अशी मोकळीक आधीच दिलेली आहे. चेलोची उणीव भरून काढायची असेल तर खालच्या अष्टकाचा स्टॉप (आवाज निवडायची खिटी) फक्त डाव्या हाताच्या भागाला जोडता येतो का ते पाहा. पुष्कळ जुन्या ऑर्गनांत कळफलक मधोमध विभागलेला असतो आणि तसे करता येते.

रावपुरेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फोलियाची चौकट मी कालपासून वाजवतो आहे आणि खर्जापासून मोजण्याची कल्पना हाताला पटू लागली आहे. ऑर्गनचा कळफलक विभागलेला आहे. डाव्या भागाला सोळा फुटी, म्हणजे अष्टकभर खाली वाजणारा, स्टॉपही आहे.

आता भाचीचा एक प्रश्न पुढे ठेवतो. सारबांडा छापील प्रतीत फारच साधी दिसते. लांब स्वर, मोजकी हालचाल. तिने एक जुने ध्वनिमुद्रण ऐकले त्यात ते स्वर तसेच संथ वाजवले आहेत, आणि अलीकडच्या एका ध्वनिमुद्रणात त्या स्वरांच्या मधल्या जागा ताना आणि मुरक्यांनी भरल्या आहेत. शिक्षक म्हणतात की, आधी लिहिलेले शुद्ध वाजव. तिला मात्र काही तरी भरावेसे वाटते. तिने भरावे का, आणि भरायचे तर कशाच्या आधारे?

उत्तर: सारणी

शिक्षकांचे म्हणणे योग्य आहे आणि भाचीची इच्छाही योग्य आहे. आधी लिहिलेले शुद्ध वाजवता आलेच पाहिजे, आणि ते आल्यानंतर संथ भाग आहेत तसेच सोडणे त्या काळच्या वादकाला अपुरे वाटले असते.

याला मोठा आधार आहे. १७१० च्या सुमारास आम्स्टरडॅमचे प्रकाशक एतिएन रॉजर यांनी याच पाचव्या ओपसची एक आवृत्ती काढली. तिच्यात पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांची व्हायोलिनची ओळ दोनदा छापलेली आहे, एकदा साधी आणि एकदा अलंकारांसह, आणि हे अलंकार कोरेल्ली स्वतः वाजवतात तसे आहेत असा दावा मुखपृष्ठावर केलेला आहे. रॉजर नॉर्थ या इंग्लंडमधल्या समकालीन लेखकाला हा दावा पटला नव्हता. ते अलंकार कोरेल्लींचे असोत वा नसोत, त्यांच्या हयातीत छापले गेलेले आहेत आणि त्या पिढीचे कान कशाला सरावलेले होते हे त्यांतून दिसते. त्याखेरीज कोरेल्लींचे शिष्य जेमिनियानी यांनी नवव्या सोनाटाला घातलेले अलंकार हॉकिन्स यांच्या १७७६ मधील संगीताच्या इतिहासात छापलेले आहेत. नववा सोनाटा आठव्याप्रमाणेच नृत्यांच्या गटातला असल्याने तुमच्या भाचीला तो नमुना अधिक जवळचा वाटेल.

हे नमुने पाठ करून तसेच्या तसे लावू नयेत. त्यांचा अभ्यास कसा करावा ते सांगतो. साधी ओळ आणि अलंकृत ओळ एकाखाली एक लिहून काढावी आणि साध्या ओळीतला प्रत्येक स्वर अलंकृत ओळीत कुठे आला आहे त्यावर खूण करावी. असे दिसेल की मुख्य स्वर सहसा आपल्या ठोक्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ येतो, मधली जागा लहान स्वरांच्या धावेने भरलेली असते, धाव बहुधा पुढच्या मुख्य स्वराच्या दिशेनेच जाते, आणि खर्ज मात्र कुठेही बदललेला नसतो.

आपल्याकडे रागविस्तार ऐकलेल्या मुलीला हे लवकर उमगेल, पण एक फरक तिला स्पष्ट सांगायला हवा. रागात वर्ज्य काय आणि न्यास कुठे हे आरंभापासून अखेरपर्यंत ठरलेले असते. इथे खर्जाचा स्वर बदलला आणि त्यावरचा आकडा बदलला, की कोणता स्वर विसाव्याचा आणि कोणता जाता जाता स्पर्श करण्याचा हेही बदलते. काळी दोन खर्जातल्या पांढऱ्या सातवर हक्काने थांबू शकते. तीच पुढच्या कॉर्डमध्ये परकी होते. म्हणून भाचीने तुमच्यासमोर बसून तुमची साथ ऐकतच अलंकार शोधावेत, एकटीने खोलीत बसून नव्हे. तिने आकडे वाचायला शिकावेत असेही मी म्हणेन. तिने ते शिकले तर तुमच्या डाव्या हाताची पुढची हालचाल तिला आधीच कळेल, आणि तेव्हाच तिचे अलंकार साथीला धरून येतील.

कुठे भरावे याची सोय रचनेतच आहे. नृत्याचे भाग साधारणपणे दोन खंडांचे असतात आणि प्रत्येक खंड दोनदा वाजवायचा असतो. सारबांडाचा प्रत्येक खंड पहिल्या वेळी लिहिल्याप्रमाणे वाजवावा म्हणजे ऐकणाऱ्याला चाल कळते, आणि दुसऱ्या वेळी भरावे. तरीही प्रत्येक जागा भरू नये. जिथे तुमच्या उजव्या हातात ४ उतरून शार्पवर येणार आहे तिथे व्हायोलिनने स्वस्थ राहावे. दोघांनी एकाच क्षणी बोलल्याने तो घासणारा सूर झाकला जातो. खंड संपताना मात्र शेवटच्या आधीच्या स्वरावर ट्रिल, म्हणजे तो स्वर आणि त्याच्या वरचा स्वर यांची झपाट्याने अदलाबदल, घ्यावा, मग तो छापलेला असो वा नसो. वरच्या स्वरापासून सुरुवात करून, आधी किंचित रेंगाळून, मग वेग वाढवावा. त्या काळी हे गृहीतच धरलेले असे.

उत्तर: मांडवीकर

अलंकारांविषयी सारणी यांनी सविस्तर लिहिले आहे; मी सुरांविषयी आणि गजाविषयी थोडे लिहितो, कारण बैठकीत याच गोष्टी आधी कानावर येतात.

ऑर्गनचे स्वर समान अंतरांवर बसवलेले आहेत आणि ते बदलता येत नाहीत. भाचीने व्हायोलिनच्या चार तारा नेहमीप्रमाणे शुद्ध पंचमांनी न लावता प्रत्येक तार ऑर्गनच्या त्या त्या पट्टीशी लावून घ्यावी. जी ची सर्वात जाड तार याने किंचित वर चढेल, पण खर्जाशी तिचा वाद होणार नाही. जुन्या काळचा खालचा सूर, ज्यात ए ची कंपने ४४० ऐवजी ४१५ धरतात, तो तुमच्या ऑर्गनवर शक्य नाही आणि या बैठकीसाठी त्याची गरजही नाही.

गजाच्या बाबतीत, आज आपण वापरतो तो आत वळलेल्या काडीचा गज अठराव्या शतकाच्या अखेरीस गज बनवणारे फ्रेंच कारागीर तूर्त यांच्या हातून स्थिरावला. कोरेल्लींचा गज त्याहून वेगळा, सरळ किंवा बाहेर फुगलेल्या काडीचा होता. त्यावर प्रत्येक स्वर उमटून हलका होत जाई आणि पुढच्या स्वराआधी नैसर्गिक फट पडे. आजच्या गजानेही हे साधता येते. तिने गज मुठीपासून थोडा वर धरून पाहावा, आलेमांडात प्रत्येक स्वर पूर्ण ताणून न वाजवता त्याचा शेवट सोडून द्यावा, आणि ठोक्याच्या पहिल्या स्वराला खाली ओढलेला गज मिळेल अशी आखणी करावी. आंदोलन, म्हणजे व्हिब्राटो, या विषयावर जुन्यांतही एकमत नव्हते: जेमिनियानींनी १७५१ मध्ये ते शक्य तितके वापरावे असे लिहिले, तर लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ मध्ये प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांना नावे ठेवली. माझ्या मते ऑर्गनच्या स्थिर स्वराबरोबर आंदोलन कमीच शोभते. लांब स्वर सरळ सुरू करून शेवटी थोडे हलवावे.

बैठक झाल्यावर तुम्हा दोघांना पुढे जायचे असेल तर बाख यांचा जी मेजरमधला सोनाटा घ्या, त्यांच्या रचनांच्या सूचीतला (बीडब्ल्यूव्ही) क्रमांक १०२१. त्याची हस्तलिखित प्रत बाख आणि त्यांच्या पत्नी आना माग्दालेना या दोघांच्या अक्षरात आहे, आणि तीत आकडे इतके दाट आहेत की साथीदाराला प्रत्येक ठोक्याला वाचावे लागते. त्याच खर्जावर आणखी दोन रचना मिळतात, क्रमांक १०२२ आणि १०३८. त्या खुद्द बाख यांनी केल्या की त्यांच्याभोवतीच्या शिष्यमंडळींपैकी कोणी, यावर अभ्यासक वाद घालतात. रावपुरेकर, तुम्ही तो खर्ज एकट्याने ऑर्गनवर, वर काहीही न घेता, आरंभापासून अखेरपर्यंत वाजवून पाहा. चार भागांचे सगळे वळण त्यातच ऐकू येते, आणि एकाच खर्जावर निरनिराळ्या चाली का उभ्या राहू शकल्या हेही कळते. आठव्या सोनाटाचा खर्जही याच पद्धतीने आधी बसवावा असे मी सुचवतो. पहिल्या तालमीला भाचीने व्हायोलिन पेटीतच ठेवून तुमचा डावा हात तेवढा ऐकावा आणि प्रत्येक वाक्य कुठे संपते ते प्रतीवर पेन्सिलीने लिहावे. दुसऱ्या तालमीला तुम्ही आकडे भरावेत, आणि तिने वाजवायला त्यानंतर सुरुवात करावी.

रावपुरेकर

तसेच करतो. येत्या रविवारी पहिली तालीम ठेवली आहे. प्रेल्यूडिओचा खर्ज बसला की कोणत्या ठिकाणी आकड्यांविषयी शंका उरते ते त्या त्या मापाच्या क्रमांकासह इथेच विचारीन.